ट्रम्पेटचे सोलो ट्यूबावर कसे आणावेत: नव्या वादकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सगळ्या पट्ट्यात लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत बँड वाजतो, आणि त्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे खालचे सूर काढणारे मोठे पितळी वाद्य, वाजवणारा बहुधा शेवटच्या रांगेत असतो. चाल ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्याकडे असते. ट्यूबावाल्याच्या वाट्याला षड्ज, पंचम आणि पावलांचा ठेका एवढेच येते. मीही सहा वर्षे हेच वाजवले. एकट्याने काही वाजवावे असे वाटू लागले, तेव्हा आमच्या बँडमास्तरांनी ट्रम्पेटच्या स्वरलेखनाचा एक जुना कागद हातात दिला आणि म्हणाले, "बोटं तीच हाईत, वाजवून बघ." बोटांबाबत त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. श्वास मात्र तोच नसतो आणि साथही तीच चालत नाही, हे कळायला मला पुढची दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे तुमची वाचावीत म्हणून हा लेख लिहीत आहे.

ट्रम्पेटकडेच का वळायचे, हे आधी सांगतो. ट्यूबा हे वाद्यच उशिरा जन्मलेले आहे. प्रशियाच्या लष्करी बँडचे प्रमुख व्हिल्हेल्म व्हीप्रेख्त आणि वाद्यनिर्माते योहान मोरित्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचे पेटंट घेतले, आणि ते घेतले बँडचा खालचा सूर भक्कम करण्यासाठी. एकलवादनाचा विचार त्यात नव्हता. त्यामुळे ट्यूबासाठी मोठ्या रचनाकारांनी लिहिलेले सोलो फार उशिरा आले: व्हॉन विल्यम्स यांचा कॉन्चेर्टो (एका वाद्यासाठी, वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना) १९५४ चा, हिंडेमिट यांचा सोनाटा १९५५ चा, आणि दोन्ही नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे. याउलट हायडन यांनी ट्रम्पेटचा कॉन्चेर्टो १७९६ मध्येच लिहिला होता. दीडशे वर्षांचे हे अंतर आपल्याला ट्रम्पेटच्या कागदांतूनच भरून काढावे लागते.

१. आपला ट्यूबा कोणत्या सुराचा आहे, हे आधी नक्की करा

आपल्याकडच्या बँडमध्ये दोन प्रकारचे ट्यूबा दिसतात: मोठा बी फ्लॅटचा आणि त्याहून लहान ई फ्लॅटचा. जुन्या वाद्यावरचा छाप पुसलेला असतो आणि विकणाऱ्यालाही नेहमी माहीत असतेच असे नाही, म्हणून पेटी जवळ घेऊन स्वतः तपासावे. येथे बँडमध्ये मराठी आणि कानडी बोलणारे वादक एकत्र असतात, आणि काळी-पांढरीची भाषा दोघांनाही कळते, म्हणून मीही तीच वापरतो. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच आणि ई फ्लॅट म्हणजे काळी दोन.

एकही पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता वाजवा आणि निघालेला सूर पेटीवर शोधा. येथेच पहिला सापळा आहे. ई फ्लॅट ट्यूबावर पिस्टन न दाबता काळी दोन निघते, तशीच तिचा पंचम म्हणजे काळी पाचही निघते. नवा वादक नेमका तोच सूर काढतो आणि आपले वाद्य बी फ्लॅटचे आहे असे धरून बसतो. म्हणून एका सुरावर थांबू नये. पिस्टन न दाबता निघणारे तीन-चार सूर काढून पाहावेत. त्यांत पांढरी चार, म्हणजे एफ, आली तर ट्यूबा बी फ्लॅटचा. पांढरी पाच, म्हणजे जी, आली तर ई फ्लॅटचा.

याच वेळी वाद्याची पट्टी आजच्या पट्टीशी जुळते का, तेही पाहावे. ब्रिटिश काळातील जुन्या वाद्यांपैकी काही ए (पांढरी सहा) हा सूर ४४० हर्ट्‌झऐवजी सुमारे ४५२ हर्ट्‌झ धरणाऱ्या चढ्या पट्टीला बनवलेली असतात. म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या सुरांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने ती वर बोलतात. मुख्य स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, पूर्ण बाहेर काढूनही वाद्य पेटीच्या वरच राहत असेल, तर त्यावर साथीबरोबर सोलो वाजवण्याचा हट्ट धरू नये. मेरठच्या जली कोठी भागात बनलेली नवी वाद्ये घेतानाही पेटी किंवा ट्यूनर सोबत न्यावा.

पिस्टन तीन आहेत की चार, हे मोजून ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

२. काय काय जवळ हवे

ट्रम्पेटचा सोलो कागद आणि त्याच रचनेची पियानोची साथ, हे दोन्ही हवेत. नुसता सोलो कागद मिळाला तर काम अर्धेच होते. त्याखेरीज पाच रेघांची कोरी वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर, मोबाइलवर ट्यूनर व मेट्रोनोम, आवाज नोंदवण्याची सोय, आणि पेटी किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. संगणक असेल तर म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. एका सुरातला कागद दुसऱ्या सुरात नेण्याचे काम ते क्षणात करते. तरीही पहिले दोन सोलो हाताने लिहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हाताने लिहिताना प्रत्येक सूर आपल्या वाद्यावर कोठे बसतो हे डोळ्यांसमोर येते.

३. कागद कोठे शोधावेत

सर्वांत मोठा साठा आयएमएसएलपी या संकेतस्थळावर आहे. २००६ पासून चालणाऱ्या या ग्रंथालयात हक्कमुक्त झालेल्या रचनांचे कागद मोफत मिळतात. तेथे शोधताना केवळ 'ट्रम्पेट' या शब्दावर थांबू नये. 'कॉर्नेट' (ट्रम्पेटच्या जवळचे पितळी वाद्य) या शब्दानेही शोधावे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बँडचा खरा एकल गायक कॉर्नेट होता, आणि ट्यूबाला शोभणाऱ्या गोड, गायकी ढंगाच्या रचना त्याच शीर्षकाखाली अधिक आहेत. फ्रान्सचे कॉर्नेटवादक आर्बां यांची १८६४ ची मोठी शिक्षणपद्धती हा तर खजिनाच आहे; तिच्या शेवटी चालीवरील बदलांच्या बारा रचना आहेत आणि 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस' त्यांतच आहे. अमेरिकेचे कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क यांचे सोलो आणि त्यांची १९१२ ची अभ्यासपुस्तिकाही पाहावी.

दुसरा साठा आपल्या अगदी जवळ आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक या परिसरात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्यापैकी काहींचे शिक्षण पचमढीच्या लष्करी संगीत विभागात झालेले असते. अशा वादकांच्या ट्रंकेत जुने कागद असतात आणि त्यांना ते वाचताही येतात. भेटायला जाताना झेरॉक्स मागण्याची घाई करू नये. आधी वाद्य घेऊन जावे, वाजवून दाखवावे. मला हायडनचा पहिला कागद अशाच एका निवृत्त हवालदारांनी दिला, आणि तोही तिसऱ्या भेटीत.

हक्कांबाबत नीट माहिती असावी. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. हायडन १८०९ मध्ये आणि आर्बां १८८९ मध्ये वारले, तेव्हा तेथे प्रश्नच नाही. क्लार्क १९४५ मध्ये वारले, तेही मुक्त. आरुत्युन्यान यांचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो १९५० चा असला, तरी ते स्वतः २०१२ पर्यंत हयात होते, त्यामुळे तो अजून अनेक दशके हक्काखाली राहील. रचना कधीची आहे याला महत्त्व नाही, रचनाकार कधी वारला हे पाहायचे. वर सांगितलेले संकेतस्थळ कॅनडाच्या कायद्याने चालते, म्हणून भारतातील मुदत आपण स्वतः मोजावी.

एका वाद्याची रचना दुसऱ्या वाद्यासाठी लिहिणे हे आपल्या कायद्यात 'रूपांतर' ठरते. घरी स्वतःच्या अभ्यासासाठी ते करता येते. हौशी मंडळाने विनामूल्य कार्यक्रमात वाजवणे आणि लग्नाच्या वरातीत वाजवणे यांनाही कायद्यात सूट आहे. परंतु हक्काखालच्या रचनेचे आपले रूपांतर छापणे, विकणे किंवा इंटरनेटवर ठेवणे या सूटीत बसत नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. चित्रपटगीतांनाही हेच लागू आहे.

४. सोलो निवडताना काय पाहावे

पहिल्या वर्षी वेगाच्या मागे लागू नये. ट्रम्पेटवर चमकणारी गोष्ट ट्यूबावर चमकेलच असे नाही, आणि हे वाद्याच्या स्वभावामुळेच आहे. उंच, तुतारीसारख्या ललकारीच्या रचना बहुधा सोडून द्याव्यात. जुन्या काळच्या ट्रम्पेटला पिस्टन नव्हते, सलग सूर त्यावर फक्त वरच्या सप्तकात निघत, म्हणून त्या काळची बरीच रचना सतत उंचावरच फिरते. ती खाली आणली की तिचे तेज जाते आणि ट्यूबावादकाचे ओठ मात्र तेवढेच थकतात.

एकच प्रश्न विचारावा: ही चाल एखादा भारदस्त आवाजाचा गायक गाऊ शकेल का? शकत असेल तर ती ट्यूबावर बसते. हायडन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग, आंदांते, या कसोटीला पूर्ण उतरतो. तो ए फ्लॅटमध्ये, सहा-आठच्या संथ लयीत आहे. चाल आधी साथीत येते आणि मग ट्रम्पेट ती उचलतो. पहिला सोलो म्हणून मी सर्वांना हाच सुचवतो. जेरेमाया क्लार्क यांचे 'प्रिन्स ऑफ डेन्मार्क्स मार्च' हेही चांगले आहे. अनेक जुन्या कागदांवर ते चुकून पर्सेल यांच्या नावाने छापलेले असते, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधावे. 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस'ची मूळ चाल लगेच घ्यावी आणि तिच्यावरचे बदल दोन-तीन वर्षांनी. त्या बदलांत एकच वाद्य वरची चाल आणि खालची साथ दोन्ही वाजवल्याचा भास निर्माण करते, आणि खालचा सूर ट्यूबाचा असला की तो भास ट्रम्पेटपेक्षाही पक्का होतो.

ट्रिनिटी किंवा तत्सम संस्थेची संगीत परीक्षा द्यायची असेल, तर आपण निवडलेली रचना त्यांच्या चालू यादीत आहे का, हे रूपांतर करण्याआधीच पाहावे. यादीत ठरलेली आवृत्ती दिलेली असते आणि तेथे आपले हस्तलिखित चालेलच असे नाही.

५. कागद आपल्या वाद्यात उतरवणे

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त गोंधळाचा भाग आहे. वाद्य हातात घेऊन सावकाश वाचा.

सर्वप्रथम कागदाच्या डाव्या कोपऱ्यात ट्रम्पेट कोणत्या सुराचा लिहिला आहे ते पाहा. बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट अशी वेगवेगळी ट्रम्पेट असतात आणि प्रत्येकाचा कागद वेगळा असतो. मी हे न पाहता सी ट्रम्पेटचा कागद बी फ्लॅटचा समजून उतरवला आणि महिनाभर घोटला, आणि साथीला बसलो तेव्हा माझा प्रत्येक सूर पेटीच्या एक पूर्ण स्वर खाली पडत होता.

तुमचा ट्यूबा बी फ्लॅटचा असेल आणि कागद बी फ्लॅट ट्रम्पेटचा असेल, तर काहीच बदलायचे नाही. ट्रेबल क्लेफमधला (ओळीच्या आरंभी उंच सुरांची खूण असलेला) तोच कागद, तीच बोटे. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरते, बी फ्लॅट ट्यूबाची साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ चौपट, आणि नळी चौपट झाली की सूर बरोबर दोन सप्तके खाली जातो. त्यामुळे पियानोची साथही मूळ पट्टीतच राहते. ट्रम्पेटचा लिहिलेला सर्वांत खालचा एफ शार्प तीनही पिस्टन दाबून निघतो आणि तो तीन पिस्टनच्या ट्यूबावरही तसाच निघतो. अडचण एवढीच की पहिला व तिसरा आणि तिन्ही पिस्टन एकत्र दाबले की सूर चढतो. ट्रम्पेटवाला तिसऱ्या पिस्टनची स्लाइड बोटाने सरकवून तो उतरवतो. ट्यूबावर ते बहुधा हाताला येत नाही. चौथा पिस्टन असेल तर पहिल्या-तिसऱ्याच्या जोडीऐवजी तोच वापरावा.

तुमचा ट्यूबा ई फ्लॅटचा असेल, तर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: बी फ्लॅट ट्रम्पेटचा कागद त्याच बोटांनी वाजवावा आणि साथ चार स्वर वर, म्हणजे सा वरून म वर न्यावी. हायडनचा ई फ्लॅटमधला भाग मग ए फ्लॅटमध्ये वाजेल. वादकाला हे सोपे, पण साथीदाराला सगळे नव्याने बसवावे लागते.

दुसरा मार्ग: साथ मूळ पट्टीत ठेवून आपला कागद नव्याने लिहावा. बी फ्लॅट ट्रम्पेटच्या कागदातला प्रत्येक सूर चार स्वर खाली लिहायचा. जेथे सी असेल तेथे त्याखालचा जी. सुरुवातीच्या चिन्हात, म्हणजे ओळीच्या आरंभी येणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणांत, एक शार्प वाढवायचा किंवा एक फ्लॅट कमी करायचा. याने आवाज ट्रम्पेटच्या बरोबर दोन सप्तके खाली राहतो. मात्र मूळ कागदात मधल्या सीच्या आसपासचे किंवा त्याखालचे सूर असतील, तर ते तीन पिस्टनच्या ई फ्लॅट ट्यूबाच्या तळाशी किंवा तळाच्याही खाली जातात. असे वाक्य दिसले की ते पूर्ण वाक्य पाच स्वर वर, म्हणजे सीच्या जागी वरचा जी, असे लिहावे. मग आवाज ट्रम्पेटच्या एकच सप्तक खाली येतो. एकटा सूर उचलू नये, पूर्ण वाक्य उचलावे. चालीच्या मध्येच सप्तक बदलले की ऐकणाऱ्याला चाल तुटल्यासारखी वाटते.

तिसरा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. कागद ई फ्लॅट ट्रम्पेटचा मिळाला तर ई फ्लॅट ट्यूबावाल्याने तो जसाच्या तसा वाजवावा. हायडन यांनी हा कॉन्चेर्टो मुळात ई फ्लॅट ट्रम्पेटसाठीच लिहिला. त्या मूळ पद्धतीचा कागद मिळवला, तर एकही सूर न बदलता, मूळ साथीबरोबर, दोन सप्तके खाली आपल्याला तो वाजवता येतो. माझ्या हवालदारांनी दिलेला कागद तोच होता, आणि त्यांनी माझे वाद्य आधी का तपासले हे मला घरी आल्यावर उमगले.

ज्यांना बेस क्लेफ (खालच्या सुरांची खूण) वाचण्याची सवय आहे त्यांनी बी फ्लॅट ट्रम्पेटचा सूर एक पूर्ण स्वर खाली आणून, मग दोन सप्तके खाली, बेस क्लेफमध्ये लिहावा आणि चिन्हात दोन फ्लॅट वाढवावेत. उलट, ट्रॉम्बोनसाठी केलेले ट्रम्पेट सोलोचे रूपांतर बेस क्लेफमध्ये मिळाले आणि ई फ्लॅटवाल्याला फक्त ट्रेबल येत असेल, तर कागदावर ट्रेबल क्लेफ आहे असे समजून तीन फ्लॅट कमी करावेत किंवा तीन शार्प वाढवावेत, आणि सरळ वाजवावे. मध्ये येणारे सुटे शार्प-फ्लॅट मात्र एकेक तपासावे लागतात. शिवाय ट्रॉम्बोनचा कागद ट्यूबासाठी पुष्कळ वर असतो, तो एक सप्तक खाली धरावा.

६. साथ: येथे बहुतेकांची फसगत होते

कागद उतरवला, बोटे बसली, तरी साथीबरोबर वाजवताना काहीतरी गढूळ ऐकू येते. त्याचे कारण साधे आहे. ट्रम्पेटची चाल पियानोच्या डाव्या हाताच्या वर असते, असे धरूनच साथ लिहिलेली असते. ट्यूबा दोन सप्तके खाली गेला की तो त्या डाव्या हाताच्याही खाली जातो, आणि सर्वांत खालचा सूर जो वाजवतो, त्याच्यावर सगळी सुरावट उभी राहते. साथ सा-ग-प धरून सा वर उभी आहे आणि ट्यूबा त्याखाली लांब पंचम धरतो आहे, असे झाले की ती जागा पूर्ण न झाल्यासारखी, लटकल्यासारखी वाटते. मूळ रचनेत तेथे विसावा असतो आणि आपल्या वादनात तो नाहीसा होतो.

म्हणून साथीचा कागद समोर घेऊन, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ट्यूबाचा सूर डाव्या हाताच्या खाली जातो का, ते पेन्सिलने खूण करून पाहावे. मधल्या चालत्या सुरांची फार चिंता नको. विसाव्याच्या जागा महत्त्वाच्या. पियानो असेल तर अशा जागी डावा हात एक सप्तक खाली न्यावा. पेटीवर खालचे सप्तक अपुरे पडते, तेथे उलट करावे: डाव्या बाजूचे भरगच्च सूर काढून टाकावेत, साथ ट्यूबाच्या वर मोकळी ठेवावी, आणि वाक्याचा शेवट सा वर होत नसेल तेथे ट्यूबानेच ते वाक्य एक सप्तक वर वाजवावे. खालच्या सप्तकात सा आणि ग जवळजवळ कधीही ठेवू नयेत, ते गुरगुरतात. सा आणि प ठेवावेत आणि ग वर न्यावा.

आपल्याकडे पियानो सहज मिळत नाही, पण पेटी प्रत्येक गल्लीत भजनी मंडळाकडे असते आणि पेटीवाले कानाचे पक्के असतात. त्यांना पाच रेघांचा कागद देऊ नये. चालीखाली सा-रे-ग-म मध्ये आधाराचे सूर आणि मात्रा लिहून द्याव्यात. स्केलचेंजर पेटी असेल तर पट्टी बदलण्याचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण पेटीवाल्याची बोटे त्याच जागी राहतात. कीबोर्डवरही ट्रान्सपोझचे बटण हेच काम करते. बटण किती दाबले हे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या तालमीत पुन्हा शोधाशोध होते.

७. श्वासासाठी चाल पुन्हा लिहा

हातात घड्याळ घेऊन मी एकदा मोजले. मध्यम आवाजात ट्रम्पेटवर एक सूर मी पंचवीस सेकंद धरू शकलो. ट्यूबाच्या मधल्या सुरावर अकरा सेकंद, आणि खालच्या सुरावर सात. तुम्हीही मोजा, आकडे वेगळे येतील, पण प्रमाण असेच काहीसे निघेल. ट्रम्पेटच्या कागदावरची श्वासाची खूण ट्यूबावाल्याच्या उपयोगाची नसते, हे त्यावरून पटते.

पहिल्यांदा लोकांसमोर आंदांते वाजवला तेव्हा मी कागदावरच्या खुणाच पाळल्या. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी श्वास संपला आणि जो सूर सर्वांत लांब, सर्वांत शांत हवा होता, तोच गळून पडला. घरी येऊन मी पूर्ण कागद खोडून नव्या खुणा केल्या. त्या करताना जे नियम सापडले ते असे.

श्वास लांब सुरानंतर घ्यावा, त्याच्या आधी नव्हे, आणि तो सूर किंचित आखूड करून ती जागा मिळवावी. आवर्तनाच्या रेघेवर श्वास घेण्याची सवय सोडावी. चालीचे वाक्य रेघेवर संपतेच असे नाही, आणि चाल शब्दांसारखी मनात म्हणून पाहिली की खरी जागा कळते. एकच सूर दोनदा येत असेल तर त्यातला दुसरा सोडून तेथे श्वास घेता येतो. ऐकणाऱ्याला तो सूर साथीतून मिळतो. वेगाच्या भागात चार-चार सुरांच्या गटातला पहिला सूर कधीही सोडू नये. सोडायचाच तर दुसरा किंवा चौथा सोडावा. वाक्य फारच लांब असेल तर त्याचा अर्धा भाग साथीला द्यावा. हे करताना कमीपणा मानू नये, कारण आपण वाद्य बदलले आहे आणि रचनेचा आकार सांभाळणे हेच काम आहे.

लय थोडी कमी करावी असे पुष्कळजण सांगतात. वेगाच्या भागात ते बरोबर आहे, कारण खालचे सूर बोलायला वेळ घेतात. संथ भागात मात्र लय उतरवली की श्वास अधिकच अपुरा पडतो. आंदांते मी मूळ लयीपेक्षा किंचित चढाच वाजवतो.

८. अलंकार, टंगिंग, म्यूट

दुहेरी टंगिंग, म्हणजे जिभेने तु-कु म्हणत सूर भराभर तोडणे, ट्यूबावरही चालते, पण कु चा सूर मागे राहतो. नुसत्या कु ने स्केल वाजवण्याचा सराव रोज पाच मिनिटे करावा. तिहेरीसाठी तु-तु-कु. खालच्या सप्तकातले ट्रिल (दोन लगतचे सूर भराभर आलटून पालटून वाजवणे) गढूळ होतात, त्यांच्या जागी दोन-तीन सुरांचा एकच वळसा द्यावा. ट्रम्पेटच्या कागदावर म्यूट, म्हणजे कर्ण्यात बसवायचे आवाज दाबणारे बूच, लिहिलेला असेल तर तेथे केवळ आवाज लहान करावा. ट्यूबाचा म्यूट मोठा असतो, एक-दोन आवर्तनांच्या विश्रांतीत तो घालता येत नाही.

९. तालीम आणि कार्यक्रम

पहिले पंधरा दिवस साथीशिवाय, मेट्रोनोमवर. त्यानंतर आपला आवाज नोंदवून ऐकावा, आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल ठेवून नोंदवावा, कारण ट्यूबाजवळ ऐकू येणारा आवाज आणि लोकांना पोचणारा आवाज यांत फार फरक असतो. मंगल कार्यालयाच्या सभागृहात खालचे सूर घुमतात, तेथे प्रत्येक सूर थोडा आखूड तोडावा. उघड्या मंडपात तेच सूर पूर्ण लांबीने धरावेत. मंडपात पेटीसमोर मायक्रोफोन हवाच. ट्यूबाला शक्यतो नको.

बेळगावचा पाऊस जूनपासून गणपतीपर्यंत पाठ सोडत नाही. कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावेत, आणि वाद्य बाहेरून आत आणल्यावर नळीतले पाणी काढून, पिस्टनला तेल देऊन, मगच पेटीशी सूर जुळवावा. थंड वाद्य खाली बोलते आणि फुंकून गरम झाले की वर चढते, म्हणून कार्यक्रमाआधी दहा मिनिटे त्यात फुंकत राहावे.

शेवटी आपल्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहून ठेवा: मूळ रचना आणि रचनाकार, मूळ कागद कोणत्या ट्रम्पेटचा होता, आपला कागद कोणत्या ट्यूबासाठी आणि कोणत्या क्लेफमध्ये आहे, साथीची पट्टी काळी-पांढरीत, आणि रूपांतर केल्याची तारीख. याची एक प्रत साथीदाराला कार्यक्रमाच्या किमान पंधरा दिवस आधी द्या, आणि दुसरी बँडच्या पेटाऱ्यात ठेवा.